मूक विनोदपट आणि संगीताचा विवेक

ज्ञानेश्वरीच्या संहितेत कालौघाने शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य जवळजवळ अर्धशतक खपून १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले. पाठशुद्धीचा इतका दीर्घ आणि तेजस्वी वारसा ज्या समाजाला लाभला, त्या समाजातील सुविद्य मनुष्यदेखील चॅप्लिन, कीटन वा लॉइड यांचा एखादा मूकपट घरी पाहावयास बसला म्हणजे ही प्रत कोणती, हिच्यात कोणी आणि केव्हा फेरफार केले, ही चित्रे कोणत्या गतीने धावत आहेत आणि कानांवर पडणारे हे संगीत कोणी, कोणाच्या अनुज्ञेने जोडले, यांपैकी एकाही गोष्टीची चौकशी करीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मूक विनोदपट ही विसाव्या शतकाने जगाला दिलेली एक अभिजात कला आहे. आणि अभिजात ग्रंथाविषयी आपण जी खातरजमा करून घेतो, तीच या कलेविषयीही करून घेणे हे रसिकाचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम मुळातील वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मूकपटाच्या फितीवर ध्वनी मुद्रित केलेला नसे. तथापि तो शांततेतही दाखविला जात नसे. जगभरच्या चित्रगृहांतून पियानो, ऑर्गन वा वाद्यवृंद आणि आपल्याकडे पेटी, तबला व प्रसंगी आणखी एखादे वाद्य पडद्यापाशी बसून वाजविले जाई, आणि ते वाजविणारा इसम गावोगावी निराळा असल्यामुळे एकाच चित्रपटाचे संगीतही गावोगावी निराळे होई. म्हणजे आज आपल्या घरी चकतीवर वा मोबाइलवर मूकपटासमवेत जे संगीत ऐकू येते, ते काही थोडे अपवाद वगळता मागाहून कोणीतरी जोडलेले असते. या जोडणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याची सामान्य प्रेक्षकाला कल्पना नसते. पडद्यावरील नटाला वाचा नसल्यामुळे त्याच्या मुद्रेचा अर्थ लावून देण्याची मुखत्यारी जणू संगीताकडे जाते, आणि संगीतकार अरसिक असेल तर तो नटाच्या अपरोक्ष त्याची कैफियत भलतीच मांडून मोकळा होतो.

आमच्या पनवेलसारख्या गावात ही सत्ता कशी चालली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. व्हीसीडीच्या दिवसांत बाजारपेठेतल्या दुकानांतून चॅप्लिनच्या चार-पाच लघुपटांची संकलने अत्यल्प किमतीत मिळत. त्यांवर मूळ प्रतीचा दाखला नसे, संगीतकाराचे नाव नसे, आणि पहिल्या लघुपटापासून शेवटच्यापर्यंत पियानोची एकच उड्या मारणारी धून, प्रसंग कोणताही असो, अविरत वाजत राही. चित्रेही इतक्या वेगाने पळत, की पाहणाऱ्या मुलांचा असा ग्रह होई की जुन्या काळी माणसे अशीच तुरुतुरु चालत असत. ती दुकाने आता गेली आणि तीच चित्रे आंतरजालावर विनामूल्य मिळू लागली. परंतु प्रत, गती आणि संगीत या तिन्ही बाबतींतली बेफिकिरी मात्र जशीच्या तशी पुढे चालू राहिली. एका संपूर्ण पिढीने चॅप्लिनला पाहिले आणि तरीही त्याला पाहिलेच नाही, अशी ही अवस्था आहे.

प्रतीचाच मुद्दा आधी घेऊ. मूकपटांच्या काळात दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून एकाच दृश्याच्या दोन निगेटिव्ह तयार करण्याचा शिरस्ता अमेरिकेत होता. एक स्वदेशातील प्रतींसाठी आणि दुसरी परदेशी पाठविण्यासाठी. दोन्हींतला कोन थोडा वेगळा, क्वचित अभिनयाची फेरीही वेगळी. त्यामुळे एकाच नावाचे दोन चित्रपट प्रारंभापासूनच अस्तित्वात येत. पुढे वितरकांची कात्री, झिजलेली रिळे आणि पुनःप्रदर्शनाच्या वेळचे फेरफार यांची त्यात भर पडे. परंतु प्रतभेदाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण वितरकाने निर्माण केलेले नसून खुद्द कर्त्याने निर्माण केलेले आहे. चॅप्लिनने १९२५ मध्ये ‘द गोल्ड रश’ प्रसिद्ध केला आणि १९४२ मध्ये, बोलपट रूढ होऊन बराच काळ लोटल्यावर, त्याने त्याची नवी आवृत्ती काढली. संवादाच्या व निवेदनाच्या लिखित पाट्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आवाजात निवेदन घातले, स्वतः संगीत रचले आणि कथेतही हात घातला. जुन्या आवृत्तीत जॉर्जिया ही नायिका आपले प्रेमपत्र जॅक या आपल्या उद्दाम प्रियकराला लिहिते आणि तो कुचेष्टेने ते त्या बिचाऱ्या भटक्याच्या, म्हणजे चॅप्लिनने साकारलेल्या नायकाच्या, हाती पोहोचवितो. नव्या आवृत्तीत ते पत्र खुद्द भटक्यालाच उद्देशून लिहिलेले क्षमापत्र होते. जुन्या आवृत्तीच्या अखेरीस जहाजावर छायाचित्रकारासमोर दोघे परस्परांचे चुंबन घेतात. नव्या आवृत्तीत दोघे केवळ हातात हात घालून जिना चढून जातात.

पत्राचा हा पालट किरकोळ नाही. पहिल्या आवृत्तीतील भटक्या फसवला जात आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्याच्या आनंदावर एक करुण छाया पसरलेली असते. दुसऱ्या आवृत्तीत ती छाया उरत नाही, जॉर्जिया अधिक सहृदय होते आणि कथा अधिक सौम्य. मला स्वतःला १९२५ ची आवृत्ती श्रेष्ठ वाटते, कारण आपल्या हास्यामागे दुसऱ्याची विटंबना दडलेली असू शकते, ही जाणीव तिने जपली आहे. शिवाय चित्र पुरेसे बोलके असता त्यावर निवेदनाचे शब्द पसरणे हा मला त्या चित्राच्या मौनाचा अधिक्षेप वाटतो. पण माझे मत ग्राह्य धरावे असा माझा आग्रह नाही. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९९३ मध्ये १९२५ च्या आवृत्तीची परिश्रमपूर्वक पुनर्रचना केली, आणि २०१२ मध्ये क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने दोन्ही आवृत्त्या एकाच संचात दिल्या. म्हणजे निर्णय प्रेक्षकाच्या हाती आला. मी ज्या व्यवस्थेचा पुरस्कार करीत आहे, तिचा हा उत्तम नमुना होय. जिथे दोन पाठ आहेत तिथे दोन्ही द्यावेत, त्यांचा इतिहास सांगावा आणि रसिकावर विश्वास ठेवावा.

‘द किड’ या १९२१ च्या चित्रपटाचेही असेच झाले. १९७१ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित करताना वृद्ध चॅप्लिनने त्याला स्वतःचे संगीत दिले आणि एड्ना पर्व्हायन्सने साकारलेल्या मातेची काही दृश्ये गाळून टाकली. घरोघरी आज जो ‘द किड’ पाहिला जातो तो बहुधा हा दुसरा पाठ असतो, आणि ही गाळणूक घडली आहे याची दाद पाहणाऱ्याला नसते.

गतीचा प्रश्न अधिक तांत्रिक असला तरी तो समजून घेणे कठीण नाही. मूकपटांचे कॅमेरे पुष्कळदा हाताने दांडा फिरवून चालविले जात; सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रांपासून ते पुढे वीस-बावीस आणि त्याहूनही अधिक चित्रांपर्यंत त्यांचा वेग बदलत असे. बोलपटांनी सेकंदाला चोवीस चित्रांचा वेग कायम केला, आणि पुढील काळात जुने मूकपट त्याच यंत्रांतून सर्रास धावू लागले. पस्तीस मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे असतात. म्हणजे हजार फुटांचे एक रीळ सोळाच्या वेगाने सुमारे पावणेसतरा मिनिटे चालते आणि चोवीसच्या वेगाने अवघी अकरा मिनिटे. नटाने मोजूनमापून केलेला क्षणभराचा विराम, वळून पाहण्यापूर्वीचा विलंब, पडण्याआधीचा तोल, हे सारे त्या हिशेबात एकतृतीयांशाने आक्रसते. तथापि येथे एक विवेक बाळगला पाहिजे. विनोदपटांचे कर्ते कित्येकदा पाठलागाची दृश्ये मुद्दाम मंद दांड्याने टिपत, जेणेकरून पडद्यावर ती वेगवान दिसावीत. म्हणून प्रत्येक चित्रपट सरसकट सोळाच्या वेगाने दाखविणे हाही प्रमादच ठरेल. योग्य गती ही दृश्यागणिक, हालचालीचे निरीक्षण करून, समकालीन दाखले तपासून ठरवावी लागते. आणि ज्या आवृत्तीने हे परिश्रम घेतले असतील, तिने ते वेष्टनावर नमूद करावेत, एवढीच अपेक्षा आहे.

आता संगीत. चॅप्लिनने १९१६ आणि १९१७ या दोन वर्षांत म्यूच्युअल कंपनीसाठी बारा लघुपट केले. ‘ईझी स्ट्रीट’ आणि ‘द इमिग्रंट’ हे त्यांतलेच. १९३२ मध्ये व्हॅन ब्यूरेन या निर्मात्याने त्यांच्या निगेटिव्ह विकत घेऊन त्यांवर संगीत आणि आपटण्या-धोपटण्याचे कृत्रिम आवाज चढविले, आणि पुढे कित्येक दशके जगाने हे लघुपट त्याच पोशाखात पाहिले. ‘द इमिग्रंट’मध्ये एक प्रसंग आहे. स्थलांतरितांनी खचाखच भरलेले जहाज स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोर येते, स्वातंत्र्याच्या भूमीत आगमन झाल्याची पाटी पडद्यावर झळकते, आणि दुसऱ्याच क्षणी अधिकारी दोर आणून त्या सर्व माणसांना गुरांसारखे एका बाजूस डांबतात. या दृश्याखाली खेळकर चाल वाजली तर प्रेक्षक केवळ धक्काबुक्कीला हसतो. संगीत क्षणभर स्तब्ध झाले, किंवा त्याने पुतळ्याच्या दर्शनासोबतची भव्यता तशीच पुढे चालू ठेवली, तर तोच प्रेक्षक हसता हसता थबकतो आणि त्या दोराचा अर्थ त्याच्या ध्यानात येतो. चित्रे तीच, क्रम तोच. परंतु एका पक्षी तो प्रहसनाचा तुकडा आणि दुसऱ्या पक्षी ती एका राष्ट्राच्या वचनभंगाची साक्ष. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने कार्ल डेव्हिस यांच्या नव्या संगीतासह हे बारा लघुपट प्रसिद्ध केले, आणि २०१४ मध्ये फ्लिकर ॲली या प्रकाशनसंस्थेने त्यांची जीर्णोद्धारित आवृत्ती निरनिराळ्या संगीतांच्या पर्यायांसह काढली. ज्याला संगीताच्या सत्तेचा प्रत्यय घ्यावयाचा असेल त्याने या आवृत्त्यांतला एकच प्रसंग एकामागून एक पाहावा.

स्वतः चॅप्लिनची या बाबतीतली दृष्टी अत्यंत स्पष्ट होती. आपल्या विनोदासोबतचे संगीतही विनोदीच असावे हे त्याला मान्य नव्हते. त्याला हवे होते ते ललित, सुकुमार, भावपूर्ण संगीत, ज्याच्या पार्श्वभूमीवर भटक्याची फजिती अधिक मानवी दिसेल. त्याला स्वरलेखन येत नव्हते; तो चाली गुणगुणून वा वाजवून दाखवी आणि त्याचे सहकारी त्या कागदावर उतरवीत. ‘सिटी लाइट्स’ हा १९३१ चा चित्रपट या दृष्टीचे परिपूर्ण उदाहरण आहे. येथे मात्र एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. ‘सिटी लाइट्स’चे संगीत कर्त्याचेच आहे, आणि ते प्रारंभापासून फितीवर मुद्रित केलेले आहे. पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी मान्यवरांच्या तोंडून निघणारे निरर्थक चिरके आवाज, किंवा भटक्याने गिळलेली शिट्टी मैफलीच्या ऐन रंगात वाजू लागणे, हे विनोद ध्वनीवाचून संभवतच नाहीत. अशा चित्रपटावर दुसरे संगीत चढविणे हा सरळ सरळ अपपाठ आहे. उलट ज्या मूकपटाला कर्त्याने संगीत ठरवूनच दिले नव्हते, त्याला नवे संगीत देणे हे पाप नाही. ते भाष्य आहे. भाष्य चांगले असू शकते, वाईट असू शकते, अनेकही असू शकतात. मात्र भाष्यकाराने आपले नाव सांगावे आणि आपले भाष्य हीच मूळ संहिता आहे असा आभास निर्माण करू नये.

बस्टर कीटनच्या ‘द जनरल’इतकी भाष्यांची विविधता क्वचितच आढळेल. किनो या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या त्याच्या एका आवृत्तीत कार्ल डेव्हिस यांचा भव्य वाद्यवृंद, रॉबर्ट इस्रायल यांची तत्कालीन शैलीशी इमान राखणारी रचना आणि ली अर्विन यांचे ऑर्गनवादन अशी तीन संगीते आहेत. आणि २००४ मध्ये फ्रान्समध्ये जीर्णोद्धारित झालेल्या प्रतीला जपानचे जो हिसाइशी यांनी चौथा साज चढविला. कीटनचा चेहरा हलत नाही. प्रेयसीने झिडकारल्यावर तो आगगाडीच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर विमनस्क बसतो, गाडी सुरू होते, दांड्यासह तो वर जातो, खाली येतो, आणि कितीतरी वेळ त्याला त्याचे भानच नसते. या दृश्यात संगीताने प्रेक्षकाला कोपर मारून हसावयास सांगितले की दृश्य मरते. संगीताने कीटनच्या दुःखाची बूज राखली की हास्य आपोआप, आणि अधिक खोलातून, उमटते. अचल मुद्रेच्या या नटाला अचल संयमाचा संगीतकारच न्याय देऊ शकतो, असा माझा अनुभव आहे.

हॅरॉल्ड लॉइडची गोष्ट याहून वेगळी. त्याने आपल्या चित्रपटांचे हक्क स्वतःकडे राखले आणि निगेटिव्ह जपल्या. तरीही त्याच्या मृत्यूनंतर १९७० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी निघालेल्या आवृत्त्यांत त्यांवर निवेदन आणि गडबडीचे संगीत लादले गेले. ‘सेफ्टी लास्ट!’ या १९२३ च्या चित्रपटात तो उंच इमारतीवर चढतो आणि घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. १९१९ मधील एका अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तुटली होती, आणि तो कृत्रिम बोटांचा हातमोजा घालून हे सारे करीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दृश्यातील धैर्याचे मोल कळते. २०१३ च्या क्रायटेरियन आवृत्तीत कार्ल डेव्हिस यांचे १९८९ चे वाद्यवृंदसंगीत आहे आणि पर्याय म्हणून गेलॉर्ड कार्टर यांचे १९६० च्या दशकाच्या अखेरचे ऑर्गनवादन. कार्टर यांनी मूकपटांच्या काळातच लॉस एंजलिसच्या चित्रगृहांत ऑर्गन वाजविला होता. त्यांच्या वादनातून त्या काळच्या प्रेक्षागृहाची परंपरा थेट आपल्यापर्यंत पोहोचते. एकीकडे परंपरेची साक्ष, दुसरीकडे आधुनिक रचनाकाराची दृष्टी. दोन्ही एका चकतीवर असल्याने कोणाचीच हानी होत नाही.

कोणी म्हणेल, विनोदपट हसण्यासाठी असतो. लहान मुलांच्या करमणुकीच्या गोष्टीत एवढे पांडित्य कशाला? या आक्षेपाचा मी अनादर करीत नाही, कारण हसणे हेच या चित्रपटांचे प्रथम प्रयोजन आहे यात शंका नाही. परंतु ज्या गोष्टीचा परिणाम क्षणाच्या अचूकतेवर अवलंबून असतो, तिच्या बाबतीत काटेकोरपणा हाच आनंदाचा आधार असतो. गती चुकली की विनोदाची वेळ चुकते. संगीत चुकले की विनोदामागील माणूस नाहीसा होतो आणि उरते केवळ आदळआपट. शिवाय मुलांसाठी निकृष्ट चालेल, ही समजूतच मुळी घातक आहे. अभिरुचीचा पाया बालपणी घातला जातो, आणि त्या वयात मिळालेला अपपाठ मनुष्य जन्मभर अस्सल समजून जपतो.

या साऱ्या चर्चेचा आपल्या घराशी संबंध काय, तर तो अत्यंत निकटचा आहे. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दाखल झाला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत कुमारी आयरीन डेल मार यांचे नृत्य, मॅकक्लेमेंट्स यांचे विनोदी नाट्य, पायांनी कसरत करून दाखविणारा अलेक्झांडर आणि ‘टिप-टॉप कॉमिकल्स’ यांचाही समावेश होता. म्हणजे आपल्या चित्रपटाचा जन्मच विनोदाच्या सहवासात झाला. फाळके यांनी स्वतः ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट दाखविला. तो आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्याचा जो सुमारे १,४७५ फुटांचा अंश आहे, तो १९१३ च्या मूळ चित्राचा नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्राचा असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आंतरजालावर मात्र तो पहिला भारतीय चित्रपट म्हणून, कधी या गतीने तर कधी त्या गतीने, वाटेल ते संगीत लावून फिरत असतो. सोळाच्या वेगाने तो अंश सुमारे पंचवीस मिनिटांचा होतो आणि चोवीसच्या वेगाने सुमारे सोळा मिनिटांचा. दोहोंतला योग्य कोणता, हे सांगणारी आवृत्ती सामान्य मराठी माणसाच्या हाती पडत नाही. प्रतभेदाचा प्रश्न असा आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशीच उभा आहे.

फाळके यांच्या उपलब्ध चित्रांपैकी ‘कालिया मर्दन’ हे १९१९ चे चित्र बऱ्याच अंशी पूर्ण स्वरूपात टिकले आहे, आणि माझ्या प्रतिपादनाचा सारा रोख वस्तुतः त्याच्याकडे आहे. फाळके यांच्या लहानग्या कन्येने, मंदाकिनीने, त्यात बाळकृष्णाची भूमिका केली. चित्राच्या आरंभीच ती मुलगी प्रेक्षकांसमोर येऊन निरनिराळे भाव मुद्रेवर दाखविते, आणि मग तीच कृष्णरूप धारण करते. कृष्णाच्या खोड्या, गोकुळातल्या मंडळींची त्रेधा आणि अखेरीस कालियाच्या फण्यांवरचे नर्तन, यांत बालसुलभ विनोद आणि अद्भुत यांचा जो संगम साधला आहे, तो चॅप्लिनच्या म्यूच्युअल लघुपटांच्या शेजारी बसविण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही. पी. के. नायर यांच्यासारख्या निष्ठावंत संग्राहकाने फाळके यांच्या कुटुंबीयांपासून ही रिळे मिळवून जपली नसती, तर हा आनंद आपल्याला कायमचा पारखा झाला असता. हा ठेवा जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्याच्या ज्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, त्याच परिसरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे भांडारकर मंदिरही आहे. ‘कालिया मर्दन’ पडद्यावर आला आणि त्या आवृत्तीचे काम सुरू झाले, ते वर्षही एकच. एका वारशाला पन्नास वर्षांची साधना लाभली. दुसऱ्याला निदान एक प्रामाणिक घरगुती आवृत्ती लाभावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

हे अशक्य आहे असेही नाही. हिमांशु राय यांच्या पुढाकाराने भारतात चित्रित झालेला ‘शिराझ’ हा १९२८ चा मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये जीर्णोद्धारित केला, अनुष्का शंकर यांच्याकडून त्याला संगीत करवून घेतले, लंडनला वादकांच्या प्रत्यक्ष साथीने तो सादर केला आणि त्याच वर्षी भारतातील काही शहरांतही तसेच प्रयोग घडविले. त्याआधी ‘अ थ्रो ऑफ डाइस’ या १९२९ च्या चित्रास नितिन सॉहनी यांचे संगीत मिळाले होते. परदेशी संस्थेला जे करावेसे वाटले, ते आपण फाळके यांच्यासाठी का करू नये? कायद्याचीही आडकाठी नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो, म्हणजे फाळके यांची मूकचित्रे केव्हाच लोकांच्या मालकीची झाली आहेत. नव्या संगीतावर मात्र त्याच्या रचनाकाराचा हक्क राहील, आणि तो राहणेच न्याय्य आहे, कारण त्यामुळे मूळ चित्र आणि मागाहूनचे भाष्य यांतली सीमारेषा कागदोपत्रीही स्पष्ट राहते.

म्हणून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ‘कालिया मर्दन’ची एक प्रमाणित घरगुती आवृत्ती काढावी. तीत उपलब्ध लांबी आणि गहाळ भाग यांचा तपशील असावा. कोणत्या वेगाने चित्रे चालविली आणि का, हे सांगावे. मूळ पाट्या जशाच्या तशा ठेवून मराठी पाठ पर्याय म्हणून द्यावा. आणि संगीताचे निदान दोन पर्याय असावेत, एक त्या काळच्या साथीच्या धर्तीवर केवळ पेटी आणि तबला, आणि दुसरा आजच्या एखाद्या मराठी रचनाकाराची स्वतंत्र कृती. तिसरा पर्याय संपूर्ण शांततेचा. ज्याला केवळ मंदाकिनीचा चेहरा पाहावयाचा असेल, त्याच्यासाठी.

हे शासकीय दरबारातून होईल तेव्हा होवो. पनवेलने तोवर वाट पाहत बसू नये. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झालेले आणि २०१६ पासून महानगरपालिकेचा मान मिळालेले हे गाव आहे; आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे नाव धारण करणारे नाट्यगृह येथे आहे; भजनी मंडळे आहेत, पेटी-तबल्याचे वर्ग आहेत, ढोलकीवर हात बसलेले तरुण आहेत. त्या नाट्यगृहात एका सायंकाळी ‘कालिया मर्दन’ आणि त्याच्यासोबत ‘द इमिग्रंट’ असा कार्यक्रम स्थानिक वादकांच्या प्रत्यक्ष साथीने व्हावा, अशी माझी नागरिक म्हणून महानगरपालिकेस आणि सांस्कृतिक संस्थांस विनंती आहे. आपल्या वादकांना ही विद्या अपरिचित नाही. कीर्तनात बुवांनी शब्द उच्चारण्यापूर्वीच पेटीवाल्याला आख्यानाची दिशा कळते, कथा करुणाकडे वळताच तबला हात आवरता घेतो, आणि हशा पिकला की दोघेही थांबतात, कारण श्रोत्याच्या हसण्यावर वाजवावयाचे नसते, हे त्यांना परंपरेने शिकविलेले असते. मूकपटाच्या साथीदारास याहून अधिक काय हवे? मात्र वादकांनी चित्र आधी पुनःपुन्हा पाहावे, प्रसंगांची टिपणे करावीत आणि कोठे वाजवावयाचे नाही हे आधी ठरवावे. कार्यक्रमपत्रिकेवर प्रत कोठून आणली, गती कोणती आणि साथ कोणाची, हे तीन तपशील अवश्य छापावेत. शाळांतील मुलांना तोच प्रसंग दोन निराळ्या साथींनी दाखवून कोणत्या वेळी काय वाटले, हे विचारावे. अशा एका तासातून त्यांना जे कळेल ते व्याख्यानांनी कळणार नाही.

घरच्या प्रेक्षकाकडून माझी अपेक्षा याहून सोपी आहे. पुढच्या वेळी मूकपट लावताना त्याने आवृत्ती कोणाची हे वाचावे. संगीतकाराचे नाव नसेल त्या प्रतीविषयी साशंक असावे. एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि मग आवाजासह पाहावा. दोन साथी उपलब्ध असतील तर दोन्ही ऐकाव्यात आणि आपली निवड कुटुंबात बोलून दाखवावी. वाचकाने शुद्ध प्रतीची मागणी धरली म्हणून शुद्ध ग्रंथ छापले गेले; प्रेक्षकाने तशीच मागणी धरली तर प्रकाशकांना आणि संग्रहालयांना ती पुरवावीच लागेल. ज्या कलावंतांनी एकही शब्द न उच्चारता जगाला हसविले, त्यांना आपली बाजू स्वतः मांडता येत नाही. ती त्यांच्या वतीने मांडण्याची जबाबदारी म्हणूनच आपली आहे, आणि पनवेलकरांनी तिचा आरंभ आपल्या नाट्यगृहापासून करावा.